कुरव आणि पाण्याची पातळी

तेल्हारा तालुक्यात पक्ष्यांच्या आधी पाण्याचा विषय निघतो आणि ते योग्यच आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी-भैरवगडाजवळ वान नदी अडवून उभं राहिलेलं हनुमान सागर धरण हा या भागाचा मोठा आधार. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर. तिथून दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात उतरत गेलं की खारपाण पट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खणली तरी लागणारं पाणी खारट, ते पिण्याला चालत नाही आणि ओलितालाही धड उपयोगी पडत नाही. म्हणून अकोट, तेल्हारा, शेगाव ही शहरं आणि ८४ खेड्यांची योजना वानच्या गोड्या पाण्याकडे डोळे लावून असतात, आणि पाटाच्या पाण्यावर ज्यांचा गहू-हरभरा उभा आहे ते शेतकरीही. हे पाणी कुणाला आणि किती, यावरून इथे आंदोलनं झाली आहेत. अशा पाण्याच्या काठी दुर्बीण घेऊन बसणं हा रिकामपणाचा उद्योग आहे असं कुणी म्हटलं तर त्याला दोष देता येत नाही. मात्र या प्रस्तावनेत मला त्याच्या उलट मत मांडायचं आहे. वऱ्हाडातल्या जलाशयावर पक्षी पाहणं हे पाणी पाहणंच आहे, आणि ज्या नोंदीत त्या दिवशीच्या पाण्याची पातळी नाही ती पक्ष्यांची नोंद अर्धी आहे.

सुरुवात कुरवापासून करतो, कारण त्याच्याबद्दलची चुकीची समजूत सर्वांत घट्ट आहे. कुरव हा समुद्राचा पक्षी, तो धरणावर दिसला म्हणजे वाट चुकला असणार, असं सर्रास मानलं जातं. मुंबईत गेटवेच्या बोटींमागे घिरट्या घालणारे आणि लोकांनी उधळलेल्या शेव-गाठ्या हवेतल्या हवेत टिपणारे कुरव अनेकांनी पाहिलेले असतात, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तपकिरी डोक्याचा कुरव अंड्यातून बाहेर येतो तो तिबेट, लडाख आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या सरोवरांत, बेटांवर आणि दलदलीत. लडाखमधलं त्सो मोरिरी हे अशांपैकी एक. काळ्या डोक्याचा कुरव युरोपपासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंत तळी, दलदली आणि नद्यांच्या काठी घरटी करतो. या दोघांपेक्षा पुष्कळ मोठा असणारा पल्लासचा कुरव दक्षिण रशियापासून मंगोलियापर्यंतच्या सरोवरांतल्या बेटांवर वाढतो. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या या तिन्ही कुरवांना भूमीवरचं साचलेलं पाणी जन्मापासून ओळखीचं असतं, समुद्रकिनारा हा त्यांच्या वर्षातला एक मुक्काम. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला दर हिवाळ्यात कुरवांचे थवे असतात, ते काही चुकून आलेले नसतात. वानवर किंवा तालुक्यातल्या एखाद्या तलावावर दिसलेला एकटा कुरवही त्याच हिशेबात धरायला हवा.

यातून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो तेल्हाऱ्यासारख्या ठिकाणी बसूनच सुटू शकतो. वान पूर्णेला मिळते, पूर्णा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, त्या संगमाच्या खाली हतनूरचा जलाशय आहे, पुढे गुजरातेत उकाई आहे आणि त्यापुढे अरबी समुद्र. कुरव उत्तरेकडून सातपुडा ओलांडून थेट पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात, की आधी किनारा गाठून मग तापीच्या पाण्याचा माग धरत वर सरकतात? उकाई, हतनूर आणि वान या तिन्ही ठिकाणी हंगामातला पहिला कुरव कोणत्या तारखेला दिसला, हे काही वर्षं ओळीने लिहून ठेवलं तर उत्तराची दिशा कळेल. त्याला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लागत नाही, तीन गावांतली चिकाटीची माणसं लागतात.

ओळख पटवताना मात्र सावधपणा हवा. नावं ऐकून जो काळं किंवा तपकिरी डोकं शोधत बसेल त्याला डिसेंबरात ते सहसा सापडणार नाही. हिवाळ्यात दोन्ही कुरवांचं डोकं पांढरं पडतं आणि डोळ्यामागे कानाच्या जागी एक गडद ठिपका तेवढा उरतो. डोक्याचा रंग परत चढतो तो मार्चच्या आसपास, निघायच्या तयारीत. तोवर पाहायचा तो डोळा आणि पंख. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट, पिवळसर पांढरं असतं आणि त्यामुळे त्याची नजर रोखलेली वाटते; काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद. पक्षी उडाला की खूण अधिक स्पष्ट होते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठसे. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड लांबवर पांढरी, काळा रंग फक्त मागच्या टोकाच्या काठाला. पहिल्या वर्षाच्या पिल्लांत बुबुळाचा रंग फसवतो, तिथे पंखच पाहावा. एवढ्या बारकाव्याने पाहूनही खात्री होत नसेल तर वहीत नुसतं ‘कुरव’ लिहावं. हौशी माणसांच्या नोंदी बेभरवशाच्या असतात, हा आक्षेप जाणकार घेतात आणि त्यात तथ्य आहे. त्यावर उपाय हाच, की जेवढं खरोखर दिसलं तेवढंच लिहायचं.

आता काठाकडे येऊ, कारण माझं म्हणणं मुख्यतः काठाशी बांधलेलं आहे. धरण मोठं तर पक्षी जास्त, हा हिशेब इथे चुकतो. वानचं धरण डोंगराच्या तोंडाशी आहे. त्याचं पाणी खोल, कडा चढाच्या, मागे मेळघाटाचं जंगल. अशा पाण्यावर पाणकावळे, सुरय आणि कुरव यांचं निभतं, कारण त्यांना मासे हवेत आणि मोकळा पृष्ठभाग हवा. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकंही काही खोलीपर्यंत चालवून घेतात. पण थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही वरवर चरणारी बदकं बुडी मारत नाहीत. डोकं खाली आणि शेपूट वर करून मानेच्या लांबीएवढ्याच तळापर्यंत त्यांची चोच पोहोचते. तलवार बदकाची मान लांब, त्याला थोडं जास्त खोल पाणी चालतं. चक्रांगाला वीतभर पाणी पुरतं. थापट्याचं खाणं तर पाहत राहावं असं आहे. पाच-पंचवीस थापटे एकमेकांच्या मागे पाण्यावर गोल फिरतात, प्रत्येकाची फावड्यासारखी चोच पृष्ठभागाला टेकलेली, आणि पुढच्याच्या पायांनी ढवळलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव मागचा आपल्या चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दात्यांतून गाळून घेतो. तुतवार, टिलवा, शेकाट्या आणि धोबी यांना याहूनही कमी पाणी लागतं, खरं तर ओला चिखल लागतो. त्यामुळे मैदानातला एखादा उथळ पाझर तलाव, ज्याची मोठ्या धरणांच्या तक्त्यात ओळही नसते, तो जानेवारीत वानच्या भव्य जलाशयापेक्षा अधिक जातींचे पक्षी पोसू शकतो. भिगवणची कीर्ती उजनीच्या साठ्याने झालेली नाही. भीमेच्या सपाट खोऱ्यात पसरलेल्या त्या फुगवट्याच्या उथळ, हळूहळू उघड्या पडणाऱ्या काठाने ती झाली आहे.

आणि काठ ही स्थिर गोष्ट नाही. पावसाळा संपतो तेव्हा जलाशय भरलेला असतो, पाणी गवतापर्यंत आणि झाडांच्या बुंध्यांपर्यंत टेकलेलं असतं, चिखल दिसतच नाही. रब्बीची आवर्तनं सुरू झाली, पिण्याची उचल चालू राहिली, ऊन वाढलं, की पाणी मागे हटतं आणि दर आठवड्याला ओल्या मातीचा नवा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यात अळ्या, गोगलगायी, किडे असतात. पाणी आणखी मागे गेलं की जुना पट्टा वाळतो आणि पक्षी नव्या पट्ट्यावर सरकतात. महाराष्ट्र शासन ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतं. विदर्भाच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचे हे दिवस उचितच निवडलेले आहेत. पण फक्त त्याच आठवड्यात जलाशयावर जाऊन मोजणी करणाऱ्याच्या पदरी थोडे पक्षी पडतील, कारण तेव्हा बरेच पाहुणे वाटेत असतात आणि काठ पाण्याखाली असतो. आशियाई जलपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, ती यामुळे अधिक उपयोगाची. सप्ताह शाळेतल्या मुलांना काठावर आणण्यासाठी ठेवावा आणि गणना जानेवारीत करावी.

पातळीशिवाय नोंद अर्धी असं मी म्हटलं, त्याचा सर्वांत बळकट पुरावा दुष्काळी वर्षं देतात. २०१७ च्या अपुऱ्या पावसानंतर काटेपूर्णा धरण तळाला गेलं आणि अकोला शहराचे पाण्यावाचून हाल झाले. अशा वर्षी लहान तलाव डिसेंबरातच कोरडे पडतात. मग आजूबाजूचे पक्षी जिथे पाणी उरलं आहे तिथे गोळा होतात आणि त्या एका पाण्यावर नेहमीपेक्षा मोठी संख्या दिसते. नुसता आकडा वाचणारा म्हणेल, यंदा पक्षी वाढले. शेजारी पातळी लिहिलेली असेल तर कळेल की पक्षी वाढलेले नाहीत, पाणी आटलं आहे. भरपूर पावसाच्या वर्षी उलट घडतं: पाणी सगळीकडे असतं, पक्षी विखुरतात, आणि एका जागी उभा राहून मोजणारा कमी पक्षी पाहून उगाच हळहळतो. चुकीचा आनंद आणि चुकीची हळहळ, दोन्ही टाळायला एक ओळ पुरते. धरणाचा साठा किती टक्के आहे हे पाटबंधारे विभाग रोज नोंदवतो. तो आकडा पक्ष्यांच्या यादीच्या डोक्यावर उतरवून घ्यायला मिनिटही लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, एका तालुक्याच्या वहीने असं काय होणार? देशभराच्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल उघडून पाहावा. ९४२ जातींचा त्यात आढावा आहे आणि तो सुमारे ३० हजार पक्षी पाहणाऱ्यांनी केलेल्या कोट्यवधी नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवण्याइतकी माहिती मिळाली त्यांतल्या ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या. उरलेल्या कितीतरी जातींबद्दल असं काही ठामपणे सांगता आलं नाही, कारण पुरेशा जुन्या आणि सलग नोंदीच नव्हत्या. त्या पुणे-मुंबईत कमी नाहीत, त्या कमी आहेत तेल्हारा, संग्रामपूर, दर्यापूरसारख्या ठिकाणी. लालसरीचंच उदाहरण घ्या. एकेकाळी ती इतकी नेहमीची होती की तिची संख्या लिहिण्याची कुणाला गरज वाटली नसेल. २०१५ मध्ये जागतिक लाल यादीत ती असुरक्षित जातींत गेली. तिच्याविषयी ‘पूर्वी खूप यायची’ असं जुनी माणसं सांगतात आणि ती खरंही बोलत असतील, पण खूप म्हणजे चाळीस की चार हजार, हे आता कुणालाही ठरवता येणार नाही. आज जे पक्षी सामान्य आहेत, वारकरी, थापट्या, चक्रांग, त्यांची हीच गत होऊ नये असं वाटत असेल तर मोजायचे ते हेच. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो आणि तो आनंद खोटा नाही. पण एका दुर्मीळ पक्ष्याच्या मागे धावताना शेजारचा पाचशे बदकांचा थवा न मोजता परत येणं, ही मला गंभीर चूक वाटते.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. धरणं माणसाने बांधली, त्यांनी नद्या मोडल्या. आता त्याच धरणांवरच्या पक्ष्यांचं कौतुक करणं म्हणजे झालेल्या नुकसानीवर पांघरूण घालणं. यातलं नुकसान मला पूर्ण मान्य आहे. नदी सुरय आणि छोटी पाणभिंगरी हे वाळूच्या पात्रात उघड्यावर अंडी घालणारे पक्षी. धरणांनी पात्रं आटली आणि रेतीच्या उपशाने वाळूच उचलली गेली. नदी सुरयही आज जागतिक यादीत असुरक्षित आहे. पण वऱ्हाडाच्या मैदानात निसर्गाने तळी दिलेली नाहीत. जवळपासचं नाव घेण्याजोगं नैसर्गिक सरोवर लोणारचं, त्याचं पाणी क्षारयुक्त, आणि २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला तो त्या वेगळेपणामुळेही. बाकी पावसाळा सरल्यावर या प्रदेशात जे उभं पाणी उरतं ते जवळजवळ सगळं माणसाने अडवलेलं. नदी सुरयनेही त्याच्याशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला आहे. कर्नाटकात भद्रा धरणाचं पाणी उतरलं की जी बेटं उघडी पडतात त्यांवर त्यांची मोठी वसाहत भरते. तिथेही सगळं पातळीवर अवलंबून असतं. पाणी अवेळी चढलं तर अंडी बुडतात, फार उतरलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री पोहोचतात. वानवर मार्च ते मे या काळात सुरयची जोडी एखाद्या उघड्या खडकाभोवती रेंगाळताना दिसली तर ती नोंद कुरवाच्या दहा नोंदींइतकी मोलाची आहे. नदीचं नुकसान विसरायचं नसेल तर उरलेल्या पाण्यावर काय तगून आहे हे माहीत असलंच पाहिजे.

शेतकरी आणि मासेमार यांचा आक्षेप सर्वांत व्यवहाराचा आहे. तलावाचा ठेका घेऊन मत्स्यबीज सोडणाऱ्याला पाणकावळ्यांचा थवा पाहून धडकी भरते आणि ती भीती काल्पनिक नाही, पाणकावळा मासेच खातो. पण त्याचा राग सगळ्या पक्ष्यांवर निघू नये. थापट्या सूक्ष्म जीव गाळतो, वारकरी आणि मलिन बदकं पाणवनस्पती खातात, तुतवार अळ्या वेचतात. कुरव पृष्ठभागाजवळचा लहान मासा उचलतो, पण मेलेलं आणि टाकून दिलेलंही खातो. गाळपेर करणाऱ्यांशीही पक्ष्यांचं भांडण थोडंच आहे. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत कलिंगड, काकडी घेणारा माणूस वाळत आलेला पट्टा वापरतो, पक्षी ओला. पक्ष्यांसाठी पाणी राखून ठेवा अशी मागणी या लेखनात कुठेही नाही. वानचं पाणी पिण्याला आणि पिकाला आहे, तसंच राहावं. पाणी वापरलं जातं म्हणून तर काठ उघडा पडतो.

मागणी आहे ती काठाच्या उताराबद्दल. २०१७ पासून राज्यात धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना चालू आहे, आणि महामार्गाच्या भरावासाठी तलावांतली माती उचलण्याच्या कामाला तर ‘बुलढाणा पॅटर्न’ असं नाव मिळालं. गाळाने भरलेला तलाव कुणाच्याच कामाचा नाही, आणि तो गाळ हलक्या वावरात पडला तर पीक सुधारतं. पण पोकलेन काठापासून सरळ उभा खड्डा करत जातं तेव्हा साठा वाढतो आणि उथळ काठ नाहीसा होतो. अशा तलावात पाणी उतरलं तरी चिखलाचा पट्टा उघडा पडत नाही, मातीची भिंत उघडी पडते. तिथे ना टिलवा उतरतो, ना चक्रांग, ना म्हशींना सुखाने पाण्यात शिरता येतं. मधोमध खोल खणून एका बाजूला मंद उतार ठेवला तर साठ्यात फारशी घट न येता दोन्ही गोष्टी साधतात. असा उतार ठेवा हे ग्रामपंचायतीला पटवायचं तर हातात पुरावा हवा: अमुक तलावावर खोदकामाआधीच्या जानेवारीत इतके पक्षी होते, नंतरच्या जानेवारीत इतके, आणि दोन्ही वेळी पाणी इतकं होतं. म्हणजे पुन्हा वहीच.

पुढच्या पानांत पक्ष्यांची वर्णनं आणि ठिकाणांची माहिती आहे. ती घेऊन जो काठावर जाईल त्याला माझी एवढीच विनंती. तारीख, वेळ, ठिकाण, साठ्याची टक्केवारी, जात आणि संख्या लिहा. पाणी बघून परतलात आणि एकही पक्षी नव्हता, तरी शून्य लिहा. थवा उडवून फोटो काढू नका, कारण उडालेला थवा मोजता येत नाही आणि लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला ते उडणं महागात पडतं. एक जवळचा तलाव निवडा आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत दर पंधरवड्याला तिथेच जा. वही मराठीत ठेवली तरी चालेल, पण दर वर्षी तिची एक प्रत तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात ठेवा.